सिरॅमिक कोटिंग की पीपीएफ : गाडीच्या रंगासाठी काय घ्यायचं ते कसं ठरवावं

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर चार थर चढतात : गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे एकत्र मोजले तर बहुतेक गाड्यांवर साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची चमक त्याच्यामुळे, ऊन-पाऊस सोसतो तोही तोच, आणि तो एकदा झिजला की परत येत नाही.

या रंगावर जे दोन उपाय विकले जातात त्यांची जाडी आता शेजारी ठेवून बघा. सिरॅमिक कोटिंगचा वाळलेला थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन. गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी एक मायक्रॉनचा थर अडवू शकत नाही, मग त्याच्या डबीवर काहीही छापलेलं असो. आणि नुसती धूळ-चिखल चटकन निघावा एवढीच गरज असेल, तर त्यासाठी लाखभर रुपयांची फिल्म लागत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. म्हणून ‘चांगलं कोणतं?’ हे विचारण्याआधी आपल्या गाडीला नेमका त्रास कशाचा होणार आहे, ते पाहायला हवं.

पहिली पायरी : गाडीवरच्या खुणा वाचा

जुनी गाडी असेल तर ती धुवून सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा आणि एक फेरी मारा. नवी घेणार असाल तर आधीची गाडी, किंवा तुमच्याच सोसायटीत उभी असलेली चार-पाच वर्षांची त्याच रंगाची गाडी पाहा. तुमच्या पार्किंगमध्ये, तुमच्या रस्त्यांवर रंगाचं काय होतं ते तिथे लिहिलेलं असतं.

बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी आणि चाकांमागचा खालचा भाग इथे बारीक टवके उडालेले दिसले, तर ते खडीचं काम. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर नेमाने जाणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि वेग वाढतो तसा दगडाचा मार वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. काम चालू असलेल्या रस्त्यांवर तर विचारू नका. आपल्याकडची खडी बहुतेक ठिकाणी काळ्या बेसाल्टची, कडांना धारदार. या नुकसानीवर फिल्म हाच उपाय आहे, कोटिंगचा काडीचा उपयोग नाही.

रंगात दिसणाऱ्या उन्हाच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार, कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक चरे दिसले, तर ती रोजच्या पुसण्याची देणगी. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतात. त्या फडक्यातली माती हीच खरी पॉलिश पेपर. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर हे चरे एका वर्षात दिसायला लागतात. पांढऱ्या-चंदेरी गाडीवर तेवढेच पडतात, पण दिसत नाहीत. कोटिंगमुळे हे थोडे कमी होतात, फिल्मवर पडले तरी बरेचसे भरून निघतात. पण पुसण्याची पद्धत बदलली नाही तर दोन्हीवरचा खर्च वाया जातो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

तिसरी खूण डागांची. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि तापलेल्या बॉनेटवर ते क्लिअर कोटला काही तासांत खाऊ लागतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना चिकाचा त्रास, वड-उंबराखाली लावणाऱ्यांना वटवाघळांचा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना क्षारांचे पांढरे गोल डाग. इथे कोटिंग उपयोगी पडतं, पण मर्यादेत, त्याबद्दल खाली.

चौथी खूण पार्किंगमधल्या ओरखड्यांची : शेजारच्या दुचाकीचं हँडल, दाराला दार लागणं, दाराच्या मुठीच्या खोबणीत नखांचे आणि अंगठीचे चरे. वरवरचे ओरखडे फिल्म सोसते. कुणी मुद्दाम किल्लीने जोर लावून ओढलं, तर फिल्मही कापली जाते, पण बहुधा खालचा रंग वाचतो.

आणि गंज. कोकणात, गोव्यात किनाऱ्याजवळ राहणारे हमखास विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो : गाडी गंजते ती खालून, दारांच्या आतल्या कडांतून आणि सांध्यांतून. वरच्या रंगावर कोटिंग किंवा फिल्म लावून तो गंज थांबत नाही. त्यासाठी अंडरबॉडी कोटिंग आणि पावसाळ्यानंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुणं, हा वेगळा खर्च धरा.

सिरॅमिक कोटिंग खरं काय करतं

कोटिंग हे सिलिकायुक्त द्रव असतं. छोट्या बाटलीतून थेंब घेऊन कापडाच्या ठोकळ्याने लावायचं, आतलं द्रावक उडून जातं आणि मागे काचेच्या जातीचा पातळ, घट्ट थर राहतो. तो क्लिअर कोटला रासायनिक बंधाने धरून बसतो, म्हणून मेणासारखा लवकर निघून जात नाही.

त्याचे खरे फायदे तीन. पाणी थेंब होऊन घरंगळतं आणि सोबत धूळ नेतं, त्यामुळे धुणं सोपं होतं. चिखल, किडे, डांबराचे ठिपके घट्ट धरत नाहीत. आणि गाडी खोल, ओलसर चमकते, विशेषतः गडद रंगात. पक्ष्यांची विष्ठा पडली तर तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो. दिवसभर उन्हात राहिली तर डाग कोटिंगवरही पडतोच.

क्षारांच्या डागांबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, आणि बोअरच्या पाण्याचा तो थेंब उन्हात वाळला की त्यातला सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होतो. साध्या गाडीवर पाणी पसरतं, डागही फिकट पसरतो. म्हणजे जड पाण्याच्या भागात कोटिंग केल्यावर गाडी धुवून लगेच कोरडी पुसण्याची शिस्त वाढवावी लागते, कमी करता येत नाही.

‘९ एच हार्डनेस’ हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. ती पेन्सिल चाचणीची पट्टी आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. ९ एच ही त्या पट्टीवरची सगळ्यात कडक पेन्सिल, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याच्या कडकपणाशी त्याचा संबंध नाही. वाळूतला क्वार्ट्झचा कण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कडक असतो, आणि तो फडक्यात अडकला की कोटिंगवर चरा पडतो. बॉनेटवर लायटर पेटवण्याचे व्हिडिओही असेच. क्षणभराची ज्योत कोटिंग नसलेला क्लिअर कोटही सोसतो.

किती टिकतं? उघड्यावर उभी राहणारी, आठवड्याला धुतली जाणारी गाडी असेल तर चांगल्या कोटिंगची मी दोन-तीन वर्षं धरतो. पाच-सात वर्षांच्या वॉरंटीत दरवर्षी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ करून घेण्याची अट असते आणि त्यात बहुधा वरून नवा थर फिरवतात. ती रक्कम आजच्या किमतीत मिळवा आणि मग ठरवा. बाजारात स्प्रेच्या बाटलीतलं ‘सिरॅमिक’ही मिळतं, ते काही महिन्यांचं काम आहे, स्वस्तात चमक हवी असेल तर वाईट नाही, पण त्याला कोटिंगचे पैसे देऊ नका.

पीपीएफ : इथे माल ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं

या फिल्मचा उगम लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांची वाळू-मातीने झीज होत असे. ती रोखायला युरेथेनची पारदर्शक चिकट फिल्म वापरली गेली आणि पुढे ती शर्यतीच्या आणि मग रोजच्या गाड्यांवर आली. दगडाचा आघात बसला की ही फिल्म दबते, मार पसरवते आणि परत आपल्या जागी येते. रंग कडक असतो म्हणून त्याचा टवका उडतो. फिल्म लवचिक असते म्हणून वाचते.

आज चांगली फिल्म टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. तिच्यावर एक मऊ वरचा थर असतो. बारीक चरा पडला तर उष्णतेने हा थर पुन्हा सपाट होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट आपोआप एवढं तापतं की वेगळं काही करावं लागत नाही. हिवाळ्यात किंवा बेसमेंटमध्ये कोमट-गरम पाणी ओतलं की काम होतं. ही जादू फक्त वरच्या थरातल्या चऱ्यांपुरती. फिल्म कापली गेली तर भरून येत नाही.

घोळ आहे तो स्वस्त मालात. पीव्हीसीची फिल्मही ‘पीपीएफ’ म्हणूनच विकली जाते, आणि ‘टीपीएच’ नावाने मिळणारा माल बराचसा मऊ केलेला पीव्हीसीच असतो. तो नवा असताना छान दिसतो. उन्हात एक-दोन वर्षांत पिवळा पडतो, कडक होतो, कडा सुटतात, आणि काढताना तुकड्या-तुकड्यांत निघून गोंद रंगावर ठेवून जातो. टीपीयूमध्येही दोन जाती आहेत : अ‍ॅलिफॅटिक आणि अ‍ॅरोमॅटिक. उन्हात पिवळी न पडणारी ती अ‍ॅलिफॅटिक. दुकानात हा शब्द उच्चारून विचारा. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच पुष्कळ कळतं.

नमुन्याचा तुकडा मागून घेऊन हाताने ताणून पाहा. टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि सोडल्यावर परत येते. पीव्हीसी ताणली की तशीच राहते किंवा पांढरट होते. तुकड्याला पितळी तारांच्या ब्रशने हलके चरे पाडा, गरम पाणी ओता, चरे जातात का बघा. खरा माल विकणारा हे करायला आनंदाने देतो.

ब्रँडचं म्हणाल तर एक्सपेल, सनटेक, थ्रीएम ही परदेशी नावं इथे चालतात, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरातली गरवारे हाय-टेक फिल्म्सही पीपीएफ बनवते. ब्रँडपेक्षा त्यातली नेमकी कोणती मालिका लावणार, किती जाडीची, आणि रोलवरचा क्रमांक वॉरंटी कार्डावर लिहून देणार का, हे जास्त महत्त्वाचं.

रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलणार असाल तर थांबा. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो, आणि तो बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. पारदर्शक, चमकदार फिल्मला हा प्रश्न येत नाही.

पैशाचं गणित

शहर, गाडीचा आकार आणि दुकान यांनुसार भाव खूप बदलतात. तरी ढोबळ अंदाज असा : साध्या हॅचबॅकपासून मध्यम एसयूव्हीपर्यंत, पॉलिशसकट नीट केलेलं सिरॅमिक कोटिंग १५ ते ३५ हजार. टीपीयूची पूर्ण गाडीभर फिल्म ७० हजारांपासून दीड लाखापर्यंत, मोठ्या गाडीला त्याहून अधिक. फक्त पुढच्या भागाची फिल्म २५ ते ५० हजार. पूर्ण गाडीची फिल्म कुणी ३५ हजारांत देत असेल तर ती टीपीयू असण्याची शक्यता फार कमी. भाव सांगताना जीएसटी धरलाय का, तेही विचारा. तो १८ टक्के आहे आणि बिलाशिवाय वॉरंटीला अर्थ नाही.

आता याची तुलना रंगवण्याशी करा. साध्या गाडीचं एक पॅनल चांगल्या गॅरेजात रंगवायला साधारण ३ ते ८ हजार लागतात. आठ लाखांच्या गाडीवर सव्वा लाखाची फिल्म लावली, तर तेवढ्यात जवळपास पूर्ण गाडी पुन्हा रंगवून होते. मग फिल्म कशाला? याला एक खरं उत्तर आहे. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला असतो. गॅरेजात गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक बसवलेलं असतं, त्यामुळे तिथला रंग ६० ते ८० अंशांवरच वाळवावा लागतो. तो दिसायला जुळला तरी मूळ रंगाची बरोबरी करत नाही, आणि विकताना पारखी माणूस रंगाची जाडी मोजणारं मीटर लावून पुन्हा रंगवलेलं पॅनल लगेच ओळखतो. मूळ रंग जपण्याला किंमत आहे. ती तुमच्या गाडीसाठी सव्वा लाख आहे की तीस हजार, एवढंच ठरवायचं.

मग कुणी काय घ्यावं

गाडी मुख्यतः शहरात, वेग कमी, झाकलेलं पार्किंग, रंग पांढरा किंवा चंदेरी, आणि पाच-सहा वर्षांत बदलायची : काहीच करू नका, किंवा फार तर एकदा कोटिंग करा. दोन चांगले मायक्रोफायबर मिट (हातात घालून गाडी धुवायचे मऊ मोजे), सौम्य शाम्पू आणि पुसण्याची योग्य पद्धत तुमची गाडी यापेक्षा जास्त जपतील.

शहरातच, पण रंग काळा किंवा गडद, गाडी उघड्यावर आणि स्वतः धुण्याची हौस : कोटिंग. पैसे वसूल होतात, आणि दर रविवारी होतात.

आठवड्याला महामार्ग, घाट, मालट्रकांच्या मागून प्रवास : पुढच्या भागाला फिल्म आणि बाकी गाडीला कोटिंग. मला विचाराल तर बहुसंख्य लोकांसाठी हाच सगळ्यात शहाणा मेळ आहे, आणि दुकानदार तो स्वतःहून क्वचित सुचवतो, कारण पूर्ण गाडीच्या फिल्ममध्ये त्याला जास्त मिळतं. फिल्म कुठे हवी ते नेमकं सांगा : पूर्ण बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही पुढचे फेंडर, आरशांच्या पाठी, दारांच्या कडा, मुठींच्या खोबणी, चाकांमागचा खालचा पट्टा, आणि डिकीत सामान चढवताना घासतो तो मागच्या बंपरचा वरचा काठ. अर्ध्या बॉनेटची फिल्म स्वस्त पडते पण मध्ये आडवी रेघ दिसते आणि तिथे मेण-धूळ साचते. बॉनेट घ्यायचं तर पूर्ण घ्या. दारांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवरही छोटे तुकडे लावून घ्या, त्यांवर चरे फार लवकर पडतात.

महाग गाडी, पुन्हा न मिळणारा खास रंग, किंवा दहा-बारा वर्षं ठेवायची गाडी : पूर्ण फिल्म. मॅट रंगाची गाडी किंवा बुलेटसारख्या दुचाकीची मॅट टाकी असेल तर फिल्मचा विचार आणखी गंभीरपणे करा, कारण मॅट रंगावर चरा पडला तर पॉलिश करता येत नाही. घासलेली जागा चमकायला लागते. त्याला मॅट फिल्मच हवी.

जिथे क्लिअर कोट पांढरट होऊन पोपडे सुटू लागलेत, अशा जुन्या गाडीवर दोन्हींपैकी काहीही करू नका. आधी रंग.

दुकानात जाण्याआधी

शोरूमवाले डिलिव्हरीच्या वेळी कोटिंगचा आग्रह धरतात. मी ते नेहमी टाळायला सांगतो. डिलिव्हरीच्या गडबडीत दोन-तीन तासांत उरकलेलं कोटिंग म्हणजे यार्डात पडलेले चरे आणि लोखंडी कण जसेच्या तसे झाकून टाकणं. शोरूमला उलट एक विनंती करा : गाडी पुसू नका, पॉलिश करू नका, बॉनेटवरचं वाहतुकीचं आवरणही आमच्यासमोर काढा. मग गाडी थेट डिटेलिंग करणाऱ्याकडे, म्हणजे कोटिंग-फिल्मचंच काम करणाऱ्या दुकानात, न्या.

दुकानाला विचारायच्या गोष्टी लिहून न्या. कापणी प्लॉटरवर करता की गाडीवर ब्लेडने? संगणकावरच्या तयार साच्यातून फिल्म कापून आणली तर रंगाला ब्लेड लागण्याचा धोका राहत नाही. मात्र कडा आत वळवून हव्या असतील तर थोडी हातकापणी लागतेच, मग कारागीर किती मुरलेला आहे हे बघावं लागतं. त्याने सहा महिन्यांपूर्वी केलेली गाडी दाखवायला सांगा. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. जागा बंद, धूळमुक्त आहे का, तेही बघा. रस्त्याकडेला उघड्या शेडमध्ये लावलेल्या फिल्मखाली धूळ राहणारच.

रंगाची जाडी मोजण्याचं मीटर आहे का विचारा आणि काम सुरू करण्याआधीचे आकडे मागा. साधी मीटरं धातूच्या पत्र्यावरच चालतात, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही, हे लक्षात असू द्या. एखाद्या पॅनलवर ९०-१४० ऐवजी २५०-३०० दिसलं तर ते आधी रंगवलेलं आहे. हे कळणं फार गरजेचं आहे, कारण गॅरेजात रंगवलेल्या पॅनलवरून पुढे फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो. आणि नुकतंच रंगवलेलं असेल तर किमान महिनाभर थांबा. रंगातलं द्रावक पूर्ण उडून जाऊ द्या.

कामाचा क्रम

आधी धुणं. मग लोहकण काढणारं द्रव, जे ब्रेकच्या आणि रेल्वेच्या लोखंडी कणांशी मिळून जांभळं होतं. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. हात फिरवला की काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे.

मग पॉलिश. कोटिंग जे खाली असेल ते कोंडून ठेवतं, त्यामुळे चरे आधीच काढावे लागतात. इथे कारागिराचा हात दिसतो. प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोटचा एक ते काही मायक्रॉनचा थर कायमचा जातो. ३५-५० मायक्रॉनच्या थरातून दर वर्षी बफिंग करून घेणारे लोक स्वतःच्याच हाताने रंग संपवत असतात. दिसणारे चरे सगळेच घालवायचा हट्ट धरू नका. खोल चरा थोडा राहिला तरी चालेल, क्लिअर कोट वाचला पाहिजे.

पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून तेल काढायचं. ही पायरी वगळली तर कोटिंग रंगाला धरत नाही, पॉलिशच्या तेलाला धरतं, आणि दोन महिन्यांत ‘गेलं’ असं वाटतं.

दोन्ही करायचं असेल तर आधी फिल्म, मग कोटिंग. उलटं केलं तर कोटिंगच्या निसरड्या थरावर फिल्मचा गोंद नीट बसत नाही. फिल्मवर कोटिंग चालतं, पण चांगल्या फिल्मचा वरचा थर मुळातच पाणी झटकणारा असतो, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी विचार करा.

घरी स्वतः कोटिंग करायची हौस असेल तर ते शक्य आहे. छोट्या बाटलीत एक गाडी होते. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी दीड-दोन फूट चौकोन घ्या. आडवं-उभं फिरवा. थरावर इंद्रधनुषी झाक दिसली की एका मायक्रोफायबरने उचलून दुसऱ्या स्वच्छ फडक्याने सपाट करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेत ओल जास्त असल्याने ही वेळ बदलते, म्हणून आधी एका कोपऱ्यात करून पाहा. राहिलेला जाड डाग काही तासांत पक्का होतो आणि मग पॉलिशनेच निघतो, म्हणून टॉर्च घेऊन तिरपं पाहत राहा. ती फडकी परत वापरू नका, वाळल्यावर त्यांची काच होते. पूर्ण फिल्म मात्र घरी लावायच्या भानगडीत पडू नका. दारांच्या कडांच्या पट्ट्या आणि मुठींच्या खोबणीचे तयार तुकडे तेवढे जमतात.

गाडी परत घेताना

दिवसा, बाहेर, उन्हात घ्या. दुकानाच्या दिव्यांखाली सगळं सुंदर दिसतं. फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे असतील तर घाबरू नका, ते एक-दोन आठवड्यांत वाळून जातात. धुळीचा कण, केस, किंवा चिमटीसारखी घडी मात्र जात नाही. ती तिथेच दाखवून बदलून मागा. बंपरच्या कोपऱ्यांवर आणि आरशांच्या वळणावर कडा उचललेल्या नाहीत ना, पार्किंग सेन्सरवर फिल्म नीट कापलेली आहे ना, हे बोट फिरवून पाहा. कडेलगत सरळ, केसाएवढी रेघ रंगात दिसली तर ती ब्लेडची आहे.

कोटिंगमध्ये ढगाळ पट्टे किंवा तेलकट झाक राहिली नाही ना, ते बघा. पाणी ओतून थेंब दाखवले म्हणून समाधान मानू नका, थेंब मेणानेही बनतात.

कोटिंगनंतर पहिला दिवस गाडी कोरडी ठेवा आणि आठवडाभर शाम्पू लावू नका. फिल्मनंतरही आठवडाभर धुणं टाळा. पावसाळ्यात काम करत असाल तर गाडी एक रात्र जास्त दुकानातच ठेवायला सांगा.

नंतरची निगा

सकाळी कोरडं पुसणं बंद. गाडी पुसणाऱ्या दादांना नम्रपणे सांगा की काचा आणि आतली साफसफाई करा, रंगाला हात लावू नका. पैसे तेवढेच द्या. आठवड्यातून एकदा आधी नुसत्या पाण्याने माती काढा, मग दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक मिट खंगाळायची. वरून खाली, सरळ रेषेत. शेवटी जाड मायक्रोफायबरने टिपून कोरडं करा. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर वापरू नका. प्रेशर पंपाचं नोझल फिल्मच्या कडेपासून किमान दीड-दोन फूट लांब धरा, नाहीतर पाण्याचा जोर कड उचलतो.

पक्ष्याची घाण दिसली की पाण्याने भिजवून, दोन मिनिटं थांबून उचला, घासू नका. गाडीत एक पाण्याची बाटली आणि मऊ कापड ठेवा. मिरवणुकीतला गुलाल आणि होळीचे रंग ओल्या हाताने चोळू नका, आधी भरपूर पाण्याने वाहू द्या. विशेषतः पांढऱ्या गाडीवरच्या फिल्मला रंगाचा डाग धरू शकतो.

विम्याचंही आधीच बघून ठेवा. अपघातात पॅनल बदललं किंवा रंगवलं तर त्यावरची फिल्म-कोटिंग गेलंच. पॉलिसीत त्याची वेगळी नोंद करता येते का, हे कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्या. आणि फिल्मच्या वॉरंटीत काय येतं ते नीट वाचा : पिवळेपणा, तडे, सुटणं हे असतं, दगडाने फाटणं बहुधा नसतं.

फिल्म काढण्याची वेळ आली, म्हणजे कडा काळ्या पडल्या, पिवळसर झाली किंवा बारीक तडे दिसू लागले, की लांबवू नका. जुनी होत जाते तसा गोंद रंगाला घट्ट धरतो. गरम हवेने किंवा वाफेने फिल्म तापवून, कोपऱ्यातून अगदी लहान कोनात, पॅनलला जवळजवळ समांतर ओढत, सावकाश काढायची असते. थंड फिल्म झटक्याने ओढली तर क्लिअर कोटवर ताण येतो. राहिलेला गोंद सिट्रसवर आधारित क्लीनरने निघतो, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. हे काम लावणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि काढायचे किती घेणार हे पहिल्याच दिवशी बिलावर लिहून घ्या.